हिरव्याखाली लाल, लालखाली बीटल

घरात थर्माकोलचा एखादा तुकडा असेल तर आत्ता घेऊन या. टीव्हीच्या खोक्यातला चालेल, गणपतीच्या जुन्या मखराचा असेल तर फारच छान. त्याच्या एका कोपऱ्यावर रंगाच्या दुकानात मिळतो तो थिनर, फक्त एक थेंब, टाका. बघता बघता तिथं खड्डा पडेल. आता दुसऱ्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात ते 'आयपीए'. काही म्हणजे काही होत नाही! थेंब बसतो, थोडा वेळ चमकतो आणि उडून जातो. थर्माकोल होता तसा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मी नवऱ्याला उठवून दाखवलं. "बरं," म्हणून तो कुशीवर वळला. माझी मात्र झोप गेली ती गेलीच.

कारण या दोन थेंबांत मला हवं होतं ते सगळं उत्तर होतं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. आणि सुट्या भागांतून जोडायच्या प्लास्टिकच्या मोटारी, ज्यांना जगभर मॉडेल किट म्हणतात, त्याही पॉलिस्टायरीनच्याच, फक्त न फुगवलेल्या, घट्ट. जे थर्माकोलला खातं ते गाडीलाही खाणार. जे थर्माकोलला शिवत नाही ते गाडीवर बिनधास्त ओतावं. मंडळाची मखरं करणाऱ्या पोरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. थर्माकोलवर स्प्रेचा डबा थेट मारायचा नाही, आधी पाण्यातल्या रंगाचा हात द्यायचा, नाहीतर महाल विसर्जनाच्या आधीच विरघळतो. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि ते ज्ञान मखरांबरोबर माळ्यावर गेलं असावं.

माळ्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं. साताऱ्याला मंगळवार पेठेत मामांच्या घराचा माळा आवरताना एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं आणि त्यात एक फोक्सवॅगन बीटल. १:२४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे हिचा अर्धा इंच. ऐंशीच्या दशकात आखातातून आलेल्या मित्रानं मामांना भेट दिलेली. चाकं शाबूत, काचा पिवळसर पण शाबूत, आणि सगळ्या अंगावर दार-खिडक्यांना लावतात तो गर्द हिरवा ऑइलपेंट, ब्रशानं, हात मोकळा सोडून. त्याच्यावर मामेभावानं शाळेत असताना कॅमलच्या अॅक्रिलिक रंगानं ओढलेले पांढरे पट्टे. थर इतका जाड की दार कुठं सुरू होतं ते कळेना. मागच्या झाकणावरच्या फटी बुजलेल्या. दिसायला गाडी नाही, गाडीच्या आकाराचा साबण.

मी ती सांगलीला आणली. सगळ्यांचं मत एकच: पॉलिश पेपर घे आणि घास. मामांना फोन केला तर ते हसायलाच लागले. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात रंगकामाच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "आगं, घासतीस कशाला? घासलं की रंगाच्या आधी नक्षी जाती. सोड तिला त्यात आन् गप झोप जा."

"कशात सोडू मामा?"

"ते आधी प्लास्टिकला इचार. रंगाला मागनं इचार."

आणि तेवढ्यावर फोन ठेवला! मामांचं असंच असतं. पण हे एक वाक्य मी सध्या भेटेल त्याला ऐकवते आहे. रंग उतरवणं म्हणजे रंगाशी मारामारी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आपण जे सर्वांत जहाल ते शोधतो. खरा प्रश्न उलटा आहे: खालच्या वस्तूला ज्याची जाणीवही होणार नाही असं काय काय आहे? ती यादी आधी करायची. मग त्या यादीतलं कोण कुठल्या रंगाला उचलतं ते पाहायचं.

थिनरचं गुपितही मजेदार आहे. ही किटं जोडायला जो गोंद येतो तो गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवणारा द्रव असतो. दोन कडा वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकच तुकडा होतो. थिनरमधले टोल्युइन, अॅसिटोनसारखे द्रव त्याचेच भाऊबंद. म्हणजे थिनरनं रंग पुसणं म्हणजे सगळ्या गाडीला गोंद फासणं. आणि गंमत अशी की हा नियम एकट्या प्लास्टिकचा नाही.

हे मला मिरजेत कळलं. सांगलीहून मिरज कितीसं लांब! सतारमेकर गल्लीत माझं जाणं वेगळ्याच कामानं झालं होतं, एका मैत्रिणीचा तानपुरा दुरुस्तीला होता. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या, तलवारींना धार आणि पॉलिश करणाऱ्या घराण्यातल्या कारागिरांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर तिथले एक काका फडकं स्पिरिटमध्ये बुडवून भोपळ्यावरचं काळवंडलेलं पॉलिश अलगद पुसून काढत होते. मी पुढे सरसावून विचारलं, थिनर का नाही? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले. "ताई, थिनरला हातसुद्धा लावायचा नाही. या नक्षीच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या. मऊ पडतात, गेल्या कामातनं."

आता पाहा. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणून ते स्पिरिटनंच परत विरघळतं. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोजपासून, आणि गॅरेजवाले ज्याला ड्यूको म्हणतात तो रंगही नायट्रोसेल्युलोजचाच. त्या रंगाचा थिनर पट्ट्यांना आपल्याच घरचं समजून विरघळवणार, यात त्याचा दोष काय! लाकूड, भोपळा, पट्टी, लाख, चार वस्तू एका अंगावर, आणि त्यातल्या एकीलाच ओळखणारा द्रव त्या काकांच्या फडक्यावर. मी गल्लीत उभ्या उभ्या मोबाइलवर नोंदी करत सुटले. मैत्रीण म्हणाली, तानपुऱ्याचं विचारायचं राहिलं. राहू दे!

घरी येऊन पहिल्यांदा आयपीए. सांगलीत मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळालं, फार महाग नाही. गाडीचं नुसतं वरचं कवच, म्हणजे बॉडी, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि बुडेल इतकं आयपीए ओतलं. काचा आधीच काढून ठेवल्या होत्या. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. पारदर्शक भाग कधी कधी वेगळ्याच प्लास्टिकचे असतात आणि अल्कोहोलनं त्यांच्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं, ते पुन्हा कधीच जात नाही.

तासाभरानं झाकण उघडलं. मामेभावाचे पांढरे पट्टे सुरकुतले होते! सायीसारखे. जुना टूथब्रश फिरवला आणि पट्टा आख्खा निघून तरंगायला लागला. आणि खालचा हिरवा? तसाच. ओरखडा नाही, चमकसुद्धा कमी नाही. मी अक्षरशः ओरडले. एकाच अंगावर दोन रंग, आणि द्रवानं त्यातला एक निवडून उचलला, दुसऱ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. १९९० च्या दशकातला एक शाळकरी पोरगा उतरला आणि त्याच्या बापाचा हात जसाच्या तसा मागं राहिला. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप २०२२ मध्ये उतरवला आणि आतलं मूळ रूप दिसलं, तेव्हा त्या बातम्या मी डोळे फाडून वाचल्या होत्या. ते काम जाणकारांचं आणि श्रद्धेचं, त्याची बरोबरी कशी होईल? पण थराखाली थर असतो आणि प्रत्येक थराची एक तारीख असते, हे तेव्हा वाचलेलं आता बोटांना कळत होतं.

आयपीए अॅक्रिलिकवर एवढं चालतं त्याचं कारण सोपं आहे. पाण्यात कालवायचा हा रंग वाळून राळेचा पातळ पापुद्रा होतो. अल्कोहोल त्या पापुद्र्यात शिरतं, तो फुगतो आणि पकड सोडतो. ऑइलपेंटचं तसं नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन वर्षानुवर्षं आतून घट्ट विणला जातो. चाळीस वर्षांचा ऑइलपेंट अल्कोहोलला काय दाद देणार! त्याच्यासाठी दुसरा माणूस लागतो. तो म्हणजे कॉस्टिक सोडा.

आता इथं मला थोडं सावकाश सांगू द्या, कारण मला हे सगळ्यांत जास्त आवडलं. ऑइलपेंट म्हणजे नावाप्रमाणे तेल. जवसासारख्या तेलांतली स्निग्धाम्लं त्याच्या राळेत गुंफलेली असतात. आणि तेल अधिक कॉस्टिक म्हणजे काय? साबण! खेड्यापाड्यांत खोबरेल आणि कॉस्टिक घेऊन साबण करतात, अगदी तीच क्रिया. कॉस्टिकच्या पाण्यात ठेवलेल्या ऑइलपेंटचा हळूहळू साबण होतो आणि साबण काय, पाण्यानं धुऊन जातो. पॉलिस्टायरीनमध्ये मात्र नुसता कार्बन आणि हायड्रोजन. साबण व्हायला त्यात काही नाहीच. सोडा तिथं येतो, काही सापडत नाही, निघून जातो. मामांना हे रसायनशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं. रंगकामात जे आकडे आणि सांगाडे वस्तू टांगायला वापरतात त्यांच्यावर रंगाची पुटं चढतात, आणि ते सांगाडे गरम कॉस्टिकच्या टाकीत सोडून साफ करतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

सातारा तसंही गाड्यांच्या रंगाचं गाव म्हणायला हरकत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' इथंच बनायची. अजून एखाद्या वाड्याच्या चौकात एखादी उभी दिसते. तिकडं सातारारोडला कूपरचा कारखाना, इकडं १९१० पासून किर्लोस्करवाडी आणि तिथला लोखंडी नांगर. या पट्ट्यात कुठल्याही घरात एक तरी माणूस यंत्राला हात लावून बसलेला सापडतो. म्हणून सांगते, यूट्यूब नंतर उघडा. आधी घरातल्या निवृत्त माणसाला विचारा.

कॉस्टिकची कृती अशी. प्लास्टिकची बादली, एक लिटर गार पाणी, त्यात साधारण पन्नास ग्रॅम सोडा थोडा थोडा सोडत जायचा. पाण्यात सोडा. सोड्यावर पाणी कधीही नाही, ते उकळून अंगावर येतं. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि हे गॅलरीत किंवा अंगणात, लहान पोरं आणि मांजर दोघांनाही दार लावून. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धरायचं. द्रावण आपोआप तापतं, ते निवल्यावरच गाडी आत सोडायची, कारण पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ छत तर त्याच्या आधीच वाकायला बघतं. अॅल्युमिनियमचं भांडं, चमचा, काहीही नको. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो.

हे खाणं मी मुद्दाम पाहिलं. खोक्यात एक तुटका, जादाचा बंपर होता, चांदीसारखा चकचकीत. तो क्रोम नसतो. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून ती प्लास्टिकवर बसवलेली असते, कल्पनाही करता येणार नाही इतका पातळ थर. बंपर सोड्यात सोडला, बारीक बुडबुडे आले आणि काही मिनिटांत चांदी गायब! खाली नुसतं प्लास्टिक आणि त्यावर पिवळसर वार्निशचा हात. ज्यांना चकाकी हवी त्यांनी ते भाग या पाण्याच्या जवळही नेऊ नयेत. ज्यांना खराब झालेली चकाकी काढायची आहे त्यांना यापेक्षा सोपा उपाय नाही. आणि हो, मॅचबॉक्ससारख्या धातूच्या ओतीव गाड्यांना हा प्रयोग नको. त्यांत जस्त आणि अॅल्युमिनियम असतं, तेही कॉस्टिकला बळी पडतं.

रात्रभर बीटल सोड्यात. सकाळी चहाच्या आधी मी बादलीपाशी. हिरवा रंग हिरवा राहिलाच नव्हता! तपकिरी, त्यात नारिंगी झाक. मी घाबरले नाही, उलट नाचलेच. जुन्या काळचा गर्द हिरवा बऱ्याचदा दोन रंगांच्या मिश्रणातून व्हायचा, प्रशियन ब्लू आणि क्रोम यलो. प्रशियन ब्लूला क्षार सोसत नाही, तो मोडतो आणि गंजासारखा तपकिरी उरतो. क्रोम यलो क्षारात नारिंगीकडं झुकतो. बादली मला मामांच्या डब्यात काय होतं ते सांगत होती, दुकानाचं लेबल गेल्यावर इतक्या वर्षांनी! आणि त्याबरोबर एक इशाराही देत होती. क्रोम यलो म्हणजे शिशाचं संयुग. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडं २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे पिवळे, नारिंगी, हिरवे ऑइलपेंट कोरडे घासणं म्हणजे शिशाची धूळ घरभर उडवणं. पॉलिश पेपर न घेतल्याबद्दल मामांचे किती उपकार मानू!

ब्रश फिरवला तसा साबण झालेला रंग घसरत गेला आणि खाली लाल. लाल! मामांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. फोन लावला. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "हां, आधी लालच केलती. हंब्रोलची बारकी डबी आलती खोक्याबरोबर." त्या चौदा मिलिलिटरच्या डब्या मॉडेलवाल्यांत जगप्रसिद्ध, तेव्हा इंग्लंडातल्या हल शहरात बनायच्या. डबी संपली, एक दार अर्धं राहिलं, दुसरी डबी साताऱ्यात कुठून मिळणार? म्हणून घराच्या दार-खिडक्यांचा उरलेला हिरवा. सगळ्या गाडीचा इतिहास एका डबीच्या आकारावर अडला होता.

बहुतेक लालही सोड्यात सुटला, पण छताच्या कडेची पन्हळ आणि दारांच्या फटी यांत तो चिकटून बसला. त्याच्यासाठी ब्रेक ऑइल. हे मला सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यावरच्या गॅरेजात कळलं, स्कूटर सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा. मी रंगाचं बोलायला लागले आणि मेकॅनिक म्हणाला, "ताई, ब्रेक ऑइल सांडलं की रंगाचं काय खरं न्हाई. टाकीवर थेंब पडला तर पोराला आधी पाणी मारायला लावतो." बघा! ज्याचा त्याला रोज त्रास, तेच माझं औषध. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरचं असतं, रंगाला सोडवतं, पॉलिस्टायरीनला त्रास देत नाही, आणि पाण्यात मिसळत असल्यानं साबणानं धुऊनही जातं. डॉट ५ मात्र सिलिकोनचं, ते रंगाला काहीच करत नाही, उगाच पैसे घालवू नका. काडीला कापूस गुंडाळून मी फटींतून ते फिरवत बसले. डेटॉलही चालतो म्हणे, परदेशातले पुष्कळ हौशी लोक वापरतात. अॅक्रिलिकवर चालतो हे मी पाहिलं, पण एक अट: सुटलेला रंग पाण्यात धुवायचा नाही, आधी डेटॉलमध्येच झटकायचा, नाहीतर पाणी लागताक्षणी त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. शिवाय घराला दवाखान्याचा वास येतो. माझ्याकडून डेटॉलला कमी गुण.

आणि मग ती दिसली. फिकट राखाडी, ओली, पूर्ण उघडी बीटल. पायपट्टीवरच्या सगळ्या रेघा. दाराच्या हँडलखालची खाच. मागच्या झाकणावरच्या हवेच्या फटी, एकूण एक मोकळ्या. चॅसिसच्या पोटावर काळ्या रंगाखाली उठावाची अक्षरं, 'मेड इन जपान'. जपानात मॉडेल किटच्या धंद्याचं माहेर शिझुओका. टामिया, आओशिमा, फुजिमी, सगळ्या कंपन्या त्याच भागातल्या. टामियाची सुरुवात तर १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून झाली. लाकूडकामाचं जुनं गाव प्लास्टिकच्या साच्यांकडं वळलं. तलवारीवाले सतारीकडं वळले त्याची ही जपानी आवृत्तीच म्हणा. इंग्लंडातल्या एअरफिक्सनं तर १९४९ मध्ये पहिलं मॉडेल केलं ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं, विक्रेत्यांना गिऱ्हाइकासमोर ठेवायला. उसाच्या मुलखात ही माहिती कुणाला सांगितली की हमखास दाद मिळते.

छतावर, डाव्या बाजूला, एक डाग मात्र काही केल्या जाईना. आयपीए, सोडा, ब्रेक ऑइल, कशालाच दाद नाही. भिंग लावून पाहिलं तर तो रंग नव्हताच. अंगठ्याचा ठसा होता. जोडताना बोटाला गोंद लागला असणार, प्लास्टिक क्षणभर मऊ झालं असणार, आणि मामांच्या तिशीतल्या अंगठ्याच्या रेषा छतात उमटून राहिल्या. हा ठसा घासून काढता येतो, भरून घेता येतो, या छंदातले पक्के लोक लगेच तसंच करतील. मी करणार नाही. त्यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

धुण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फक्त सांगलीकरालाच सुचावी. सोडा पूर्ण गेला की नाही हे कसं कळणार? राहिला तर पुढचा रंग धरत नाही. मी आयपीएमध्ये चिमूटभर हळद कालवली, त्यात गाळणीच्या कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या, आणि शेवटचं धुतलेलं पाणी त्यांवर टाकलं. क्षार असेल तर पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते. हळदीला क्षार लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पहिली पट्टी लाल. पुन्हा धुणं. मग फिकट. मग पिवळी ती पिवळीच! हरिपूरच्या पेवांत जिची साठवण व्हायची, २०१८ साली जिला भौगोलिक मानांकन मिळालं, ती सांगलीची हळद माझ्या बाथरूममध्ये प्रयोगशाळा होऊन बसली होती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कागदावर कुंकू पाडतीयस व्हय?" अगदी तेच!

आता उरलेल्या पाण्याचं. हा भाग कुणी सांगत नाही म्हणून सांगते. हे सगळं मोरीत ओतायचं नाही. आपली मोरी शेवटी कृष्णेला जाते. आयपीए काचेच्या बाटलीत ठेवलं की रंग तळाला बसतो. वरचं गाळून पुन्हा वापरता येतं, मी तेच वापरते आहे. फक्त गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, ते पटकन पेटतं. रंगाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्यायचा, विशेषतः जुन्या ऑइलपेंटचा. वापरलेलं ब्रेक ऑइलही बाटलीत बंद करून तसंच. एकदा रंगात शिसं आहे हे कळल्यावर ते नदीत सोडायचं कसं?

गाडी सध्या माझ्या टेबलावर आहे, बिनरंगाची. सगळे विचारतात, आता कुठला रंग देणार? लाल द्यावा, अर्धं राहिलेलं दार पुरं करावं, असं एकीकडं वाटतं. दुसरीकडं मन म्हणतं, आणखी एखादी रंग फासलेली गाडी मिळाली तर आधी तिचा रंग उतरवू. खरं सांगायचं तर रंग देण्यापेक्षा तो उतरवण्यातच मला जास्त मजा आली आहे.

तेव्हा सातारा, सांगली, मिरज, कराड, इस्लामपूर, कुठंही तुमच्या माळ्यावर अशी रंगानं बुजलेली, अर्धवट, कंटाळून सोडलेली प्लास्टिकची गाडी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. काचा आणि चकचकीत भाग आधी वेगळे काढून एका डबीत ठेवा, कुणी काहीही सांगितलं तरी थिनर लावू नका, आणि गाडी मला द्या. साफ करून परत करीन, पैसे नकोत. फक्त ती आधी कुणी, कधी, कुठल्या रंगानं रंगवली होती, तेवढं विचारून ठेवा.